विश्लेषण : तापलेला लॅपटॉप अचानक बंद का पडतो? दुकान गाठण्याआधी घरी काय तपासावे?

मे महिन्याची दुपार. विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला. घरातला पंखाही गरम वारा फेकतो आहे. गादीवर लॅपटॉप ठेवून कुणी प्रकल्प अहवालाची शेवटची पाने लिहीत असते, तर कुणी ऑनलाइन मुलाखतीत प्रश्नाचे उत्तर देत असते. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर वाढत जाते, माऊस अडखळू लागतो आणि एका क्षणी स्क्रीन काळी होते. ना सूचना, ना 'सेव्ह करायचे का' असा प्रश्न. दहा मिनिटांनी बटण दाबले की लॅपटॉप काहीच न घडल्यासारखा सुरू होतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

अशा वेळी 'लॅपटॉप गेला' असाच बहुतेकांचा समज होतो. दुकानात नेल्यावर कधी 'विंडोज उडाली', तर कधी 'मदरबोर्ड बदलावा लागेल' असे ऐकायला मिळते आणि काही हजारांचा आकडा समोर येतो. प्रत्यक्षात अनेकदा दोष जाळीत साचलेल्या धुळीइतका साधा असतो. काही वेळा मात्र तो फुगलेल्या बॅटरीइतका धोकादायकही असतो. हा फरक घरच्या घरी बराचसा ओळखता येतो. त्यासाठी लॅपटॉप उघडण्याचीही गरज नसते.

अचानक बंद होणे हा बिघाड की बचाव?

उष्णतेमुळे लॅपटॉप बंद होतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. पातळ, हलक्या लॅपटॉपमधील प्रोसेसर साधारण १५ वॉटच्या आसपास वीज वापरण्यासाठी बनवलेला असतो. गेमिंग किंवा व्हिडीओ संपादनाच्या लॅपटॉपमध्ये हाच आकडा ४५ वॉट किंवा त्याहून अधिक असतो आणि ग्राफिक्स चिपची उष्णता वेगळी. ही सारी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर निर्माण होते.

लॅपटॉपमधील बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तापमान तिच्याकडे सरकू लागले की बचाव तीन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात पंख्याचा वेग वाढतो. तेवढ्याने भागले नाही तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. यालाच 'थर्मल थ्रॉटलिंग' म्हणतात. लॅपटॉप 'हँग' झाल्यासारखा वाटतो, तो अनेकदा याच टप्प्यात. तरीही तापमान चढत राहिले तर तिसरा टप्पा येतो. प्रोसेसरमधील संरक्षक यंत्रणा थेट वीज तोडण्याचा संकेत देते. विंडोजला फायली बंद करण्याइतकाही वेळ मिळत नाही.

ही व्यवस्था पूर्वीपासून सगळीकडे नव्हती. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने त्या काळातील संगणकांवर एक चाचणी केली होती. संगणक चालू असतानाच प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग, म्हणजे हीटसिंक, काढून घेण्यात आला. पेंटियम ४ ने आपला वेग कमी केला आणि तो चालू राहिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरमधून मात्र काही सेकंदांत धूर निघाला आणि तो जळाला. आज दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये संरक्षणाची सोय असते. त्यामुळे लॅपटॉप बंद पडला, याचा एक अर्थ असा की तो जळाला नाही. मात्र हा बचाव रोजच्या वापरासाठी नसून शेवटच्या क्षणासाठी असतो. तो वारंवार वापरला जात असेल तर पंखा, बॅटरी आणि आजूबाजूचे भाग सतत जास्त तापमानात राबत आहेत, असे समजावे.

हिवाळ्यात नीट चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यातच का रुसतो?

याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. लॅपटॉपमधील उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडली जाते. त्यामुळे चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कामामुळे झालेली वाढ. समजा, एखाद्या कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरमध्ये खोलीत २५ अंश असतील तर तो ८५ अंशांवर राहील. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील तर तेच काम करताना तो १०० अंशांना टेकेल. लॅपटॉप तोच, काम तेच. बदलली ती फक्त हवा.

यात धुळीची भर घातली की चित्र पूर्ण होते. चिपवरची उष्णता आधी 'थर्मल पेस्ट' नावाच्या राखाडी लेपातून जाते. चिप आणि तांब्याचा पत्रा यांच्यातील सूक्ष्म फटी हा लेप भरून काढतो. तिथून उष्णता तांब्याच्या चपट्या नळीत जाते. या नळीत थोडेसे द्रव असते. ते गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा द्रव होते आणि उष्णता वाहून नेते. जॉर्ज ग्रोव्हर यांनी अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामोस प्रयोगशाळेत १९६३ मध्ये हे तंत्र यशस्वी करून दाखवले होते. आज ते बहुतेक लॅपटॉपमध्ये असते. नळीच्या दुसऱ्या टोकाला धातूच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. पंखा खालून हवा ओढतो आणि या जाळीतून बाजूने किंवा मागून बाहेर फेकतो.

या वाटेवर कुठेही अडथळा आला की कामामुळे होणारी वाढ ६० अंशांवरून ७०-७५ अंशांवर जाते. हिवाळ्यात तेवढे खपून जाते, उन्हाळ्यात खपत नाही. म्हणजे लॅपटॉप मे महिन्यात बंद पडला, तरी कारण कित्येक महिन्यांपासून साचत आलेले असते. उन्हाळा फक्त ते उघडे पाडतो.

कंपन्यांच्या सूचनापुस्तिकांतही याचा उल्लेख असतो. उदाहरणार्थ, अ‍ॅपलने मॅकबुकसाठी सभोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे म्हटले आहे. अन्य अनेक लॅपटॉपचीही वरची मर्यादा ३५ अंशांच्याच आसपास असते. चंद्रपूर, अकोला, जळगाव किंवा नागपुरातील एप्रिल-मेमधील बंद खोली ही मर्यादा सहज ओलांडते.

सर्वात आधी काय करावे?

दोष शोधायला बसण्याआधी दोन गोष्टी कराव्यात.

पहिली, महत्त्वाच्या फायलींची प्रत. लॅपटॉप सुरू होतो आहे तोवर अहवाल, फोटो, हिशेब, कागदपत्रे पेन ड्राइव्ह, बाहेरील हार्ड डिस्क किंवा क्लाऊडवर घ्यावीत. वीज एकाएकी तुटली तर उघडी फाइल खराब होऊ शकते. काही वेळा डिस्कवरील नोंदीही बिघडतात आणि विंडोज सुरू होईनाशी होते. फायली खूप असतील तर सकाळी किंवा रात्री, हवा थंड असताना, थोड्या थोड्या कराव्यात.

दुसरी, बॅटरीची नजरेने तपासणी. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा. तो डगमगत असेल, तळाचा पत्रा फुगलेला असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगल्याची शक्यता मोठी असते. असे दिसल्यास पुढची कोणतीही चाचणी करू नये. चार्जर काढावा, लॅपटॉप बंदच ठेवावा आणि थेट दुरुस्तीकडे वळावे.

दोष उष्णतेचाच आहे हे कसे ओळखावे?

अचानक बंद पडणारा प्रत्येक लॅपटॉप तापल्यामुळेच बंद पडतो असे नाही. कधी, कसा आणि किती वेळाने बंद पडतो, यावरून बरेच कळते.

- जड काम करताना पंखा जोरात फिरतो, वेग मंदावतो, मग लॅपटॉप बंद होतो आणि थंड झाल्यावर सुरू होतो : उष्णतेचा दोष.

- लॅपटॉप फारसा तापलेला नसताना, बॅटरी २५-३० टक्के दाखवत असताना बंद होतो. चार्जर लावल्यावर मात्र नीट चालतो : बॅटरी क्षीण झालेली.

- चार्जरची पिन हलली की बंद होतो किंवा चार्जिंगचा दिवा लुकलुकतो : चार्जर किंवा चार्जिंगचे सॉकेट सदोष.

- निळी किंवा काळी स्क्रीन येऊन त्यावर संदेश दिसतो आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होतो : ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क यांपैकी कशात तरी दोष.

- थंड लॅपटॉपही सुरू केल्यावर काही सेकंदांत बंद होतो : पंखा अडकलेला किंवा मदरबोर्डवर दोष. काही लॅपटॉप अशा वेळी पंख्याविषयीची सूचना दाखवतात.

- बॅगेतून काढला तर भट्टीसारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली : झाकण मिटल्यावर लॅपटॉप पूर्ण झोपला नाही, बॅगेतही तो काम करत राहिला.

यातील दुसरा आणि तिसरा प्रकार ओळखण्यासाठी सोपा उपाय आहे. एकदा फक्त बॅटरीवर आणि एकदा चार्जर लावून तेच काम करून पाहावे. दोन्ही वेळा सारखेच घडत असेल तर संशय उष्णतेकडे वळतो.

विंडोजच्या नोंदीत काय सापडते?

स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' असे इंग्रजीत टाइप केल्यास 'रिलायबिलिटी मॉनिटर' हा पर्याय मिळतो. त्यात प्रत्येक दिवसाची नोंद असते. विंडोज नीट बंद झाली नसेल त्या दिवसापुढे लाल खूण दिसते. लॅपटॉप कोणत्या तारखांना आणि किती वेळा बंद पडला, हे यावरून कळते.

अधिक तपशील 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये मिळतात. तिथे 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टीम' निवडल्यास नोंदींची यादी उघडते. यात ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद किंवा ६००८ क्रमांकाची नोंद असेल तर विंडोज अनपेक्षितपणे बंद झाली, एवढेच कळते. कारण कळत नाही. पॉवर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला तरी अशी नोंद होते. त्यामुळे केवळ ४१ क्रमांक दाखवून कुणी 'मदरबोर्ड गेला' असे म्हणत असेल, तर तो पुरावा मानू नये. ८६ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद मात्र तापमानाची मर्यादा ओलांडल्याने लॅपटॉप बंद केला, असे सांगते. ती सापडली तर निदान पक्के. ती सापडली नाही म्हणून उष्णतेचा संशय सोडू नये. वीज थेट तोडली गेली असेल तर विंडोजला नोंद करायला वेळच मिळालेला नसतो.

तापमान कसे मोजावे?

लॅपटॉपवर हात ठेवून केलेला अंदाज फसवा असतो. बाहेरचा पत्रा गरम लागतो म्हणजे आतली उष्णता बाहेर येते आहे, असाही अर्थ असू शकतो. 'एचडब्ल्यूइन्फो', 'एचडब्ल्यूमॉनिटर' किंवा 'कोअर टेम्प' यांसारखे प्रोग्रॅम मोफत मिळतात आणि प्रोसेसरचे तापमान थेट दाखवतात. ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच घ्यावेत.

लॅपटॉप कडक, सपाट टेबलावर ठेवून १५ मिनिटे काहीही न करता तापमान पाहावे. त्यानंतर २० मिनिटे यूट्यूबवर व्हिडीओ चालवून पाहावे. काहीच काम नसताना ४० ते ५५ अंश आणि जड कामात ८० ते ९० अंश हे अनेक लॅपटॉपमध्ये नेहमीचे असते. काहीच काम नसताना ७०-८० अंश दिसत असतील, किंवा साध्या व्हिडीओलाच तापमान ९५ अंशांपुढे जात असेल तर थंड करण्याच्या व्यवस्थेत अडथळा आहे. याउलट ६० अंशांवर असतानाच लॅपटॉप बंद पडला तर बहुधा प्रोसेसरची उष्णता हे कारण नसते. बॅटरी, चार्जर किंवा मदरबोर्ड तपासावा लागतो.

याच वेळी हवेचाही अंदाज घ्यावा. हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरावी.

- पट्टी हलतच नाही, पंख्याचा आवाजही नाही : पंखा बंद पडलेला किंवा अडकलेला.

- आवाज मोठा, हवा खूप गरम, पण झोत क्षीण : जाळीत धूळ साचलेली.

- आवाज मोठा, झोत चांगला, पण हवा नुसती कोमट आणि तापमान मात्र ९५ अंशांच्या वर : उष्णता चिपपासून जाळीपर्यंत पोहोचतच नाही. थर्मल पेस्ट वाळली असण्याची किंवा हीटसिंकचा स्क्रू सैल झाल्याची शक्यता.

काही लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. २०२० च्या अखेरपासूनच्या मॅकबुक एअरमध्ये तो नाही. असे लॅपटॉप तापले की सहसा मंद होतात. ते वारंवार बंद पडत असतील तर दोष अन्यत्र असू शकतो.

पैसे न खर्चता काय करता येईल?

सर्वात मोठा फरक लॅपटॉप कशावर ठेवला आहे, यावरून पडतो. गादी, उशी, चादर किंवा मांडीवर ठेवल्यास तळाची हवा आत ओढणारी जाळी झाकली जाते. कापसाचे तंतूही आत जातात. लॅपटॉप टेबलावर, पाटावर किंवा लाकडी फळीवर ठेवावा. मागच्या बाजूला दोन सारख्या जाडीची पुस्तके किंवा लाकडी ठोकळे ठेवून तो एक-दोन इंच उचलावा. जाळ्या मोकळ्या राहतील याची काळजी घ्यावी. तापलेला लॅपटॉप सतत मांडीवर ठेवल्याने त्वचेवर जाळीदार डाग पडू शकतात. अशा एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद २०१० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती.

त्यानंतर प्रोसेसरला कोण राबवते आहे, ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. 'सीपीयू' या स्तंभावर क्लिक केले की सर्वाधिक काम खाणारे प्रोग्रॅम वर येतात. ब्राउझरच्या उघड्या असलेल्या तीस-चाळीस टॅब, अँटिव्हायरसची तपासणी किंवा अनेक दिवस रखडलेले अपडेट ही नेहमीची कारणे. अनोळखी नावाचा प्रोग्रॅम काहीच काम नसतानाही प्रोसेसर ८०-९० टक्के व्यापत असेल, तर अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. दुसऱ्याच्या संगणकावर गुपचूप आभासी चलन 'खणणारे' प्रोग्रॅम नेमके असेच वागतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील 'सिस्टीम', मग 'पॉवर' या विभागात 'पॉवर मोड' हा पर्याय असतो. तो 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर ठेवल्यास वेग थोडा कमी होतो, पण उष्णताही घटते. टायपिंग, ब्राउझिंग आणि ऑनलाइन वर्गासाठी हा वेग पुरेसा असतो. लॅपटॉप बॅगेत ठेवण्याआधी स्लीपऐवजी पूर्ण शटडाऊन करावा.

जागा आणि वेळही महत्त्वाची. खिडकीतून येणाऱ्या उन्हात किंवा उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये. व्हिडीओ एक्स्पोर्ट करणे, मोठे सॉफ्टवेअर टाकणे यांसारखी जड कामे उन्हाळ्यात सकाळी किंवा रात्री उरकावीत. पाण्याचा कूलर असेल तर खोली थंड होण्याचा फायदा लॅपटॉपलाही मिळतो. पण कूलरच्या झोतासमोर तो ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे तुषार आत जाऊ शकतात.

कूलिंग पॅड, बर्फ, फ्रिज : काय चालते, काय नाही?

खाली पंखे असलेला कूलिंग पॅड लॅपटॉपला थोडी अधिक हवा देतो. तळाशी जाळी असलेल्या लॅपटॉपमध्ये तो काही अंशांचा फरक पाडू शकतो. मात्र तो खोलीतलीच हवा फेकतो. खोलीत ४० अंश असतील तर त्याहून थंड हवा तो आणणार कुठून? आतली जाळीच तुंबली असेल तर त्याचा उपयोग फारच कमी. त्यामुळे आधी स्वच्छता, मग कूलिंग पॅड, हा क्रम योग्य.

तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे किंवा त्याखाली बर्फाची पिशवी ठेवणे हे प्रकार टाळावेत. थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे पाणी होते. थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात, तसेच थेंब मदरबोर्डवर जमू शकतात. मुंबई-कोकणातील दमट हवेत हा धोका आणखी वाढतो.

धूळ स्वतः काढावी का?

बाहेरून जाळी स्वच्छ करण्यास हरकत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा. बाहेरच्या जाळीवरची धूळ कोरड्या, मऊ ब्रशने काढावी. दाबाखालील हवेचा डबा असेल तर तो उभा धरून छोटे छोटे झोत द्यावेत. सलग झोत दिल्यास पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा वेगाने फिरून खराब होऊ शकतो. शक्य असेल तिथे लाकडी टूथपिकने पंख्याचे पाते हलकेच अडवून धरावे. तोंडाने फुंकर मारू नये. थुंकीचे कण आत जातात. घरातला व्हॅक्युम क्लीनर वापरू नये, कारण त्यातून निर्माण होणाऱ्या स्थिर विजेने नाजूक भागांना इजा होऊ शकते.

मागचे झाकण उघडणे हे मात्र सवय नसणाऱ्याचे काम नाही. बॅटरीची जोडणी आधी सोडवावी लागते. झाकणाच्या प्लास्टिकच्या खाचा तुटू शकतात. एका स्क्रूची जागा चुकली तर मदरबोर्डवर दाब येतो. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी विजेचा वाहक असलेला 'लिक्विड मेटल' असतो. तो सांडला तर नुकसान मोठे. वॉरंटी असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात आणि शक्यतो अधिकृत सेवा केंद्रातच जावे.

दुकानात काय सांगावे, काय विचारावे?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा तालुक्याच्या गावातील छोटे दुकान, 'लॅपटॉप बंद पडतो' एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला महागडे निदान सहज खपवता येते. त्याऐवजी नेमके सांगावे : कोणते काम करताना, किती मिनिटांनी, किती तापमानावर बंद पडतो आणि चार्जर असताना-नसताना काय होते. तापमानाच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

पहिली मागणी आतून स्वच्छता आणि नवी थर्मल पेस्ट एवढीच असावी. अनेक लॅपटॉपमध्ये हे काम काहीशे रुपयांत होते. त्यानंतरही तापमान तेवढेच राहिले, तरच पंखा किंवा हीटसिंक बदलण्याचा विचार करावा. मदरबोर्डचे नाव निघाल्यास दुसऱ्या ठिकाणी तपासून घ्यावे. काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिल घ्यावे. लॅपटॉप दुकानात ठेवायचा असेल तर खासगी फायली आधी हलवाव्यात आणि बँकेच्या, ईमेलच्या खात्यांतून लॉग आऊट करावे. काम झाल्यावर तीच २० मिनिटांची चाचणी दुकानातच करून आधीच्या फोटोशी आकडे ताडून पाहावेत.

चार्जर बदलताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. अडॅप्टर आणि लिथियम बॅटऱ्यांसाठी ही नोंदणी सक्तीची आहे. व्होल्ट आणि वॉटचे आकडे जुन्या चार्जरशी जुळायला हवेत. कमी क्षमतेचा चार्जर जड कामाला पुरत नाही आणि स्वतःही तापतो.

वॉरंटी असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' हे पोर्टलही सुरू केले आहे. त्यात सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती, वॉरंटी आणि सेवा केंद्रांची माहिती मिळते.

बॅटरी फुगली असेल तर?

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. सतत जास्त तापमानात, त्यातही पूर्ण चार्ज अवस्थेत राहिल्यास ती लवकर क्षीण होते. आत वायू साचला की ती फुगते. सदोष बॅटरीमुळे काय होऊ शकते, हे २००६ मध्ये दिसले होते. लॅपटॉप पेटल्याच्या घटनांनंतर डेलने सोनीने बनवलेल्या तब्बल ४१ लाख, तर अ‍ॅपलने १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या.

फुगलेली बॅटरी दाबून झाकण बसवण्याचा प्रयत्न करू नये. तिला टोचू नये, वाकवू नये आणि चार्ज करू नये. लॅपटॉप पडदे, गादी, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवावा आणि लवकरात लवकर सेवा केंद्राकडे न्यावा. धूर किंवा जळका वास आल्यास, शक्य असेल तर बोर्डावरचे बटण बंद करावे, सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे ती सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून वापरायचा असेल तर अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती सुरू करावी.

पुन्हा असे होऊ नये म्हणून?

विदर्भ-मराठवाड्यात मार्च उजाडला की कूलर खाली उतरवून वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात. कोकणात पावसाआधी घर शाकारले जाते. लॅपटॉपची आतून स्वच्छताही अशीच उन्हाळ्याच्या तोंडावर, वर्षातून एकदा करून घ्यावी. घर रस्त्यालगत असेल, शेजारी बांधकाम सुरू असेल किंवा घरात पाळीव प्राणी असतील तर सहा महिन्यांनी. थर्मल पेस्ट दरवर्षी बदलण्याची गरज नसते. लॅपटॉप तीन-चार वर्षे जुना झाला आणि स्वच्छतेनंतरही तापमान उतरत नसेल, तर ती बदलावी.

लॅपटॉप तापून बंद पडला तर पाच गोष्टी याच क्रमाने कराव्यात : फायलींची प्रत, बॅटरीची तपासणी, टेबलावरची चाचणी, जाळीची स्वच्छता आणि शेवटी दुकान. लॅपटॉप थंड होऊन पुन्हा सुरू झाला म्हणजे दोष गेला, असे समजून काम पुढे रेटू नये. मिळालेला तो वेळ निदान फायलींची प्रत घेण्यासाठी तरी वापरावा.